बदल नाही

"आजपासून बाबांच्या उशाशी कोणी जागत बसायचं नाही. आता माझं यंत्र जागेल!"

हेमचंद्र गुप्तेने सकाळच्या चहाला हे जाहीर केलं तेव्हा त्याची आई मथुराबाई आणि बायको मुग्धा या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. दोघींच्याही डोळ्यांखाली काजळ सांडल्यासारखी वर्तुळं होती. हेमचंद्रचे वडील जयवंतराव हॉस्पिटलमधून घरी आल्यापासून दोघी आळीपाळीने त्यांचं मनगट धरून बसत होत्या. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं होतं, "हृदय थकलंय. नाडी उतरायला लागली तर वाट बघू नका, लगेच घेऊन या. वेळेत आणलंत तर काहीतरी करता येईल." 'वेळेत' हा शब्द मथुराबाईंनी असा धरून ठेवला होता, की पोळी लाटतानाही त्यांचं अर्धं लक्ष आतल्या खोलीत असायचं.

हेमचंद्र बडोद्याबाहेर बाजव्याच्या पुढे एका रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. देशाची दारं नुकतीच उघडली होती, बडोद्यात रोज कुठे ना कुठे नवी पाटी लागत होती, आणि त्याच्या कारखान्यातल्या भिंतभर तबकड्या जाऊन तिथे संगणक आले होते. टाकीतला दाब, नळीतली उष्णता, सगळे आकडे क्षणाक्षणाला पडद्यावर येत. या आकड्यांत कुठे बदल झाला ते ओळखून घंटा वाजवायची, हा प्रोग्रॅम हेमचंद्रने स्वतः लिहिला होता. तेव्हापासून त्याला पृथ्वीवरच्या सगळ्या अडचणींवर एकच उपाय दिसायला लागला होता.

"आकड्याला काही अर्थ नसतो," तो न्हाव्यालासुद्धा सांगायचा. "आकड्यातल्या बदलाला अर्थ असतो!"

न्हावी मान डोलवायचा. हेमचंद्रच्या डोक्यावरच्या आकड्यात बराच बदल झालेला होता.

यंत्र साधंच होतं. जयवंतरावांच्या बोटाला एक चिमटा, चिमट्यात इवलासा दिवा, तिथून निघालेली वायर थेट टेबलावरच्या संगणकात. नाडीचा आकडा सारखा आत येणार. नवा आकडा आला की संगणक तो आधीच्या आकड्याशी ताडून बघणार. फरक पडला की घंटा! घंटा कारखान्याच्या भंगारातून आणली होती. आग लागली तर हजार माणसांना पळवायची तिची ताकद होती, आणि इथे तिला निजामपुऱ्यातल्या अडीच खोल्यांत टांगलं होतं.

मथुराबाईंना इंग्रजी आकडे पटकन दिसत नसत, म्हणून हेमचंद्रने आठवडाभर खपून ठिपक्या-ठिपक्यांनी मराठी अक्षरं काढली होती. सगळं ठीक असलं की पडद्यावर हातभर अक्षरांत यायचं, 'बदल नाही'. फरक पडला की 'बदल झाला'. आकडा बिचारा खाली कोपऱ्यात, मुंगीएवढा.

"पण नाडी फारच कमी झाली तर कळेल ना?" मुग्धाने विचारलं. "म्हणजे अमक्याच्या खाली गेली की वाजव, असं काही..."

"अगं, तो जुना प्रकार!" हेमचंद्र हसला. "कमी व्हायची तर आधी बदलायला नको का? आणि बदलली की घंटा वाजणारच!"

मुग्धा रिकामे कप उचलून आत गेली. पुढे अनेक दिवस तिला वाटत राहिलं, की तेव्हा याला उत्तर सुचायला हवं होतं.

जयवंतराव हे सगळं पलंगावरून बघत होते. ते शाळाखात्यातले जुने इन्स्पेक्टर. त्यांच्या वडिलांनी सरकारवाड्यात दरबारी पत्रं लिहिली होती, आणि त्या भाषेची राखण आपल्याकडे आली आहे, अशी त्यांची समजूत होती. बडोद्यातलं गुजराती मिसळलेलं मराठी त्यांना खड्यासारखं टोचायचं. शेजारचे रसिकभाई दारात येऊन "काका, तबियत सारी आहे ना?" म्हणाले, की छातीला हात लावून पडलेले जयवंतराव म्हणायचे, "बरी. सारी नव्हे, बरी. प्रकृती बरी."

चिमटा बोटाला लावताना ते मुलाला म्हणाले, "हेमू, हे कशासाठी?"

"तुमच्यासाठीच, बाबा. तुम्ही निवांत झोपा."

"तू इथेच बसणार आहेस ना?"

"हा काय, समोरच आहे!" हेमचंद्र म्हणाला आणि पडद्यासमोर बसला.

यंत्र सुरू झालं. एका मिनिटाच्या आत घंटा वाजली. अशी वाजली, की मथुराबाईंच्या हातातली वाटी उडाली, गल्लीतली दोन कुत्री भुंकायला लागली आणि रसिकभाई अर्धी दाढी करून धावत आले. काही झालं नव्हतं. जयवंतरावांनी कूस बदलली होती, नाडी एकदोन ठोके हलली होती. पण घंटेने दचकून ती आणखी वाढली. वाढली म्हणून घंटा पुन्हा वाजली. वाजली म्हणून नाडी पुन्हा उडाली. बाप आणि घंटा एकमेकांना असे भिववत सुटले, की कोण आधी थांबतं ते कळेना.

"बंद कर ते!" मथुराबाई ओरडल्या. "त्यांना वाचवायला आणलंयस की न्यायला?"

हेमचंद्रने घंटेचा प्लग ओढला. तो खजील झाला असेल असं वाटेल, पण छे! त्याच्या चेहऱ्यावर उलट तेज आलं. "अगदी बारीक बदलही पकडतंय, बघितलंत? फक्त जरा अतिसंवेदनशील आहे. मी त्याला सांगतो, किरकोळ फरकाकडे बघू नकोस."

आणि त्याने तसं सांगितलं. आधीच्या आकड्यापेक्षा पाच ठोक्यांहून जास्त फरक असेल तरच घंटा. त्याहून कमी असेल तर तो बदल नव्हेच.

रसिकभाईंना त्याने मागच्या दाराची किल्ली दिली. "रसिकभाई, आता ही घंटा उगाच वाजणार नाही. वाजली की समजायचं, मामला गंभीर आहे. आम्ही कोणी नसलो तर तुम्ही आत या. बाकीचं तुम्हाला कळतंच."

"चिंता नका करू," रसिकभाई म्हणाले. सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि दुसऱ्याच्या संकटात पहिलं पाऊल आपलं पडावं असा त्यांचा स्वभाव होता. "बाकीचं सगळं मी सांभाळून घेईन."

त्यानंतर घंटा वाजली नाही.

घरात अशी शांतता कित्येक दिवसांत नव्हती. मुग्धा भिंतीला टेकली आणि बसल्या जागी झोपली. मथुराबाईंनी देवाजवळ दिवा लावला. पडद्यावर हातभर अक्षरं स्थिर होती. 'बदल नाही'. हेमचंद्र समोर बसून ती अशी बघत होता, जशी काही ती दगडात कोरलेली असावीत. मधूनमधून तो मागे न बघताच म्हणायचा, "काय बाबा, बरं वाटतंय ना?"

पलंगावरून "हं" यायचं.

दुसऱ्या दिवशीही तेच. हेमचंद्रने रजा वाढवली होती. त्याला यंत्राजवळून हलवेना. सकाळी रसिकभाई डोकावून गेले. "काका, तबियत एकदम सारी दिसते!" म्हणाले. जयवंतराव काही बोलले नाहीत. मुग्धाने विचारलं, "बाबा, चहा मूकू का?" आणि स्वतःच जीभ चावली. 'मूकू' म्हणजे 'ठेवू'. सासऱ्यांपुढे हा शब्द म्हणजे जळत्या निखाऱ्यावर पाय. पण सासरे नुसतेच तिच्याकडे बघत राहिले.

दुपारी मथुराबाई वरणभाताचं ताट घेऊन आल्या. पलंगाशी उभ्या राहिल्या. ताट तसंच हातात ठेवून म्हणाल्या, "हेमू, हे आज सकाळपासून कोणाचंच मराठी सुधारत नाहीयेत."

"आराम पडलाय, आई. बघ ना, काही बदल नाही."

"मला ती अक्षरं नको दाखवूस. यांच्याकडे बघ."

हेमचंद्र वळला. किती वेळाने वळला कोण जाणे. जयवंतरावांचे ओठ जांभळट झाले होते. डोळे उघडे होते, पण ते कुठे बघत होते ते कळत नव्हतं. मथुराबाईंनी ताट जमिनीवर ठेवून त्यांच्या पावलांना हात लावला आणि हात मागे घेतला. पावलं गार होती.

हेमचंद्रने पडद्याच्या कोपऱ्यातला मुंगीएवढा आकडा वाकून वाचला. काल सकाळी बहात्तर होता. आता चौतीस होता.

त्याला क्षणात सगळं कळलं. नाडी एकदम उतरलीच नव्हती. काल दुपारपासून दर अर्ध्या-पाऊण तासाला एखादा ठोका, कधी दोन. संगणक प्रत्येक वेळी नवा आकडा फक्त आधीच्या आकड्याशी ताडून बघत होता, आणि इमानदारीने सांगत होता, की बदल नाही. बाप पायरी पायरीने विहिरीत उतरत होता आणि काठावरचा पहारेकरी दर पायरीला सांगत होता, एकच तर पायरी आहे!

"गाडी काढ!" मथुराबाई म्हणाल्या.

हेमचंद्रने वडिलांना दोन्ही हातांवर उचललं. ते इतके हलके असतील, असं त्याला वाटलं नव्हतं. मुग्धाने पुढचं दार ओढून घेतलं. बोटाचा चिमटा उचलतानाच निसटून चादरीवर पडला होता. त्यातला आकडा शून्यावर आला, तोवर मारुती गाडी गल्लीच्या तोंडाशी पोचली होती.

आणि मग रिकाम्या घरात घंटा वाजली.

रसिकभाई जेवत होते. ते उष्ट्या हाताने धावले. मागचं दार उघडलं. पलंग रिकामा. चादर चुरगळलेली. जमिनीवर न जेवलेलं वरणभाताचं ताट. घरात चिटपाखरू नाही. आणि पडद्यावर हातभर अक्षरांत, लुकलुकत, 'बदल झाला'.

रसिकभाईंना मराठी वाचता येत होतं. खाली शून्यही दिसलं. त्यांनी घंटेचा प्लग ओढला, पडद्यापुढे हात जोडले आणि डोळे पुसले. मग बाकीचं सगळं सांभाळून घ्यायला ते कामाला लागले.

तिकडे सयाजीगंजातल्या हॉस्पिटलमध्ये जयवंतरावांना आत नेलं होतं. बाहेर बाकावर तिघं बसली होती. डॉक्टर आले तेव्हा हेमचंद्र उठून उभा राहिला, शाळेत निकाल ऐकायला उभा राहावं तसा.

"हृदयाला मिळणारा इशारा अडलाय," डॉक्टर म्हणाले. "तात्पुरती सोय केलीय. सकाळी छातीत पेसमेकर बसवू. जगतील. पण पुष्कळ उशीर झाला. कालपासून उतरत असणार. घरी कोणाच्या लक्षात आलं नाही?"

मथुराबाईंनी मुलाकडे बघितलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं, असं हेमचंद्रला वाटलं.

संध्याकाळी तो कपडे आणि थर्मास न्यायला घरी आला. सोसायटीच्या फाटकाशी पुरुष उभे होते. पांढऱ्या कपड्यांत. फळ्यावर खडूने गुजरातीत काहीतरी लिहिलं होतं; ते वाचायचं त्याला भान नव्हतं. रसिकभाई पुढे झाले आणि त्यांनी त्याला घट्ट मिठी मारली.

"हिंमत राखजो, भाई."

हेमचंद्रचे डोळे भरून आले. यांना कोणी सांगितलं, असा प्रश्नही त्याला पडला नाही.

"काकांना क्यारे नेणार?" रसिकभाईंनी हळूच विचारलं.

"नेलं की. दुपारीच नेलं."

"नेलं?" रसिकभाईंनी मागच्या मंडळींकडे वळून बघितलं. "आम्हाला कोणाला नाही सांगितलं! कोण कोण होतं?"

"मी, आई आणि मुग्धा."

"बैरां पण? बायका पण?"

"हो मग? आई कशी मागे राहील? तिनेच तर गाडी काढायला लावली."

पुरुषांत कुजबुज झाली. मराठ्यांच्यात चालत असेल, असं कोणीतरी म्हणालं.

"आणि आता?" रसिकभाई म्हणाले.

"आता सकाळी विजेचं करणार आहेत."

"वीजवाळं?"

"हो. हल्ली सगळे तेच करतात म्हणे. अर्ध्या तासाचं काम. काही त्रास नाही."

रसिकभाईंचा चेहरा पडला. "तो पण सारो रस्तो आहे. पण भाई, पहिलेथी सांगायचं ना! मी लाकडं सांगून टाकली."

"लाकडं?" हेमचंद्र म्हणाला. "लाकडं कशाला?"

आणि मग त्याला दिसलं. त्याच्या दाराशी, त्याच्या चपलांच्या शेजारी, दोन लांब हिरवे बांबू टेकवून ठेवलेले होते. बाजूला सुतळी. नवं कोरं मडकं. पांढरं कापड. सगळं नीट मांडलेलं, काही म्हणून उणं नाही.

हेमचंद्र पायरीवर खाली बसला. त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो असा रडायला लागला, की मंडळींना वाटलं, आता खरं दुःख बाहेर पडलं.

"रसिकभाई," तो म्हणाला, "बाबा आहेत."

"ते तर आपल्यात राहणारच, भाई. अमर आत्मा..."

"तसे नाही हो! हॉस्पिटलमध्ये आहेत. जिवंत आहेत!"

रसिकभाईंनी आधी आकाशाकडे हात जोडले, मग फळ्याकडे धावले आणि धोतराच्या सोग्याने खडू पुसायला लागले. पुसता पुसता थबकले.

"पण लताबेन तर निघाल्या."

लता ही हेमचंद्रची धाकटी बहीण, इंदूरला दिलेली. आणि पुण्याचे चुलते जगदेवराव. फोनशेजारच्या भिंतीवर खरडलेले नंबर पाहून रसिकभाईंनी दोघांनाही फोन केले होते. "काका गेले," एवढंच सांगून. लताने "कुठे गेले?" असं विचारलं होतं, त्यावर त्यांना रडू फुटलं होतं, आणि त्यातून तिला जे कळायचं ते कळलं होतं.

ती सकाळी आली. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. फाटकाशी रसिकभाई हात जोडून उभेच होते. त्यांनी सांगितलं, तसा तिने रिक्षा तशीच सयाजीगंजाकडे वळवली. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर हेमचंद्र दिसला. तिने आधी भावाच्या गळ्यात पडून घेतलं आणि मग त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"दादा, मी वाटेत बाबांना काय काय बोलून घेतलं, माहिती आहे तुला? सगळी माफी मागून झाली माझी!"

पेसमेकर बसला. दुपारी जयवंतरावांना भेटायची परवानगी मिळाली. लता आत गेली ती प्रवासातल्या पांढऱ्या साडीनेच; मागोमाग जगदेवराव, पांढरा सदरा, पांढरी टोपी, खांद्यावर पंचा. जयवंतरावांनी दोघांना डोक्यापासून पायापर्यंत निरखलं.

"कोण गेलं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

जगदेवराव खिडकीबाहेर बघायला लागले. जयवंतरावांनी एकेकाचा चेहरा पाहिला, आणि इन्स्पेक्टरच्या नजरेतून काही सुटत नसे.

"अच्छा," ते म्हणाले. "मी."

लता हसली, मुग्धा हसली, नर्ससुद्धा हसली. सगळी बाहेर गेल्यावर हेमचंद्र एकटाच पलंगाशी उरला.

"बाबा, काल तुम्हाला त्रास होत होता, तर हाक का नाही मारलीत?"

"परवापासूनच गार गार वाटत होतं," जयवंतराव म्हणाले. थांबत थांबत म्हणाले. "तू समोर पाठ करून बसला होतास. माझ्यासाठीच काहीतरी करतोयस, एवढं कळत होतं. म्हटलं, कामात आहेस, कशाला मध्ये बोला."

हेमचंद्र त्या खोलीतून बाहेर आला तो थेट कारखान्यात गेला. टाकीच्या दाबावर नजर ठेवायला त्याने तिथे हाच नियम लिहिला होता. नवा आकडा आधीच्याशी ताडायचा, किरकोळ फरक सोडून द्यायचा. टाकीत जे होतं ते हवेत गेलं असतं, तर बाजव्यात घंटा ऐकायला कोणी उरलं नसतं. त्याने नियम बदलला, दोनदा तपासला, आणि कोणाला काही सांगितलं नाही. सगळ्यांना वाटलं, वडिलांच्या काळजीने उतरलाय.

बांबू रसिकभाईंनी परत नेले; विकणारा घेईना, तेव्हा त्यांनी त्यांच्यावर दोडक्याचा वेल चढवला. लता आठ दिवस राहिली. जाताना म्हणाली, "दादा, आता साहेबांकडे पुन्हा याच कारणासाठी रजा कशी मागू? वडील एकदा वारल्याचं सांगून झालंय." जगदेवराव पुण्याला परतले. पण बडोद्याहून फोन आला की ते आधी विचारायचे, "यंत्राने सांगितलं की माणसाने?"

हिवाळ्यात जयवंतरावांचं दुखणं उलटलं. या वेळी काही करण्यासारखं नव्हतं, आणि डॉक्टरांनी तसं सांगितलं. हेमचंद्र त्यांचं मनगट हातात घेऊन बसला. घरात ना वायर, ना पडदा. दुपार होती, बाहेर भाजीवाली ओरडत होती. जयवंतरावांचा श्वास लांब होत गेला, मग आणखी लांब. हेमचंद्र एकटक त्यांच्याकडे बघत होता. तरी नेमकं केव्हा झालं, ते त्याला कळलं नाही. मथुराबाईंनी येऊन डोळे मिटले, तेव्हा त्याला कळलं.

इंदूरला फोन त्यानेच लावला.

"लता, बाबा गेले."

पलीकडून लता चाचरत म्हणाली, "दादा, रागावू नकोस. पण नीट बघितलंस ना?"

हेमचंद्रने तोंड उघडलं. त्याच्या हाताला अजून ते मनगट लागत होतं. पण 'नक्की' हा शब्द काही केल्या त्याच्या तोंडून येईना.

मथुराबाईंनी त्याच्या हातातून रिसीव्हर घेतला.

"लते, आई बोलतेय," त्या म्हणाल्या. "ये."